अंगणातल्या ट्रकबद्दल रहिवासी समितीला खुले पत्र

प्रति,
रहिवासी समितीचे पदाधिकारी आणि निवेदनावर सह्या करणारे सर्व शेजारी,
दिघोरी, नागपूर

सप्रेम नमस्कार,

तुमच्या निवेदनाची प्रत मला मिळाली. आमच्या आवारात चाललेल्या ट्रकच्या कामाला त्यात ‘घरगुती जुगाड’ म्हटले आहे. अशी गाडी रस्त्यावर आली तर लोकांच्या जिवाला धोका होईल, म्हणून हे वेल्डिंग ताबडतोब बंद पाडावे, अशी मागणी महापालिकेच्या झोन कार्यालयाकडे केली आहे. सह्यांमध्ये ज्यांच्याकडे मी दिवाळीचा फराळ खातो त्यांची नावे आहेत, म्हणून अध्यक्षांना एकट्याला न गाठता सगळ्यांना एकदमच लिहितो आहे. आवाजाबद्दलची तुमची तक्रार रास्त आहे, तिच्याकडे शेवटी येतो. पण काम घरी होते आहे म्हणजे ते कच्चेच असणार, हे मी मान्य करणार नाही. जोड पक्का आहे की कच्चा, हे जोड पाहून ठरते. तो कोणाच्या अंगणात बसवला यावरून ठरत नाही. निवेदनावर सही करणाऱ्या एकाही माणसाने गाडीजवळ येऊन एकही जोड पाहिलेला नाही, याचे मला वाईट वाटले.

आधी गाडीविषयी सांगतो, कारण बऱ्याच जणांनी ती ताडपत्रीखाली झाकलेलीच पाहिली आहे. हा माझ्या मोठ्या भावाचा जुना छोटा ट्रक. दादाची काटोल तालुक्यात संत्र्याची बाग आहे आणि आंबिया असो की मृग, म्हणजे संत्र्याच्या दोन हंगामांपैकी कोणताही, बहार निघाला की माल कळमन्याच्या बाजारात आणायला हीच गाडी लागते. नागपुरी संत्र्याची साल सैल असते. त्यामुळे ते सोलायला सोपे, आणि दबायलाही तितकेच सोपे. हौद्यात, म्हणजे गाडीच्या माल भरायच्या भागात, तणीस (वाळला पेंढा) अंथरून साडेतीन फुटांचा ढीग घातला, की तळाचे फळ वरच्या वजनाने दबते आणि काटोल रोडच्या प्रत्येक हादऱ्याला आणखी दबते. उतरवताना डाग दिसत नाही. एक-दोन दिवसांनी त्याच जागी साल मऊ पडते, बुरशी धरते, आणि एक फळ शेजारच्या चारांना घेऊन जाते. वर्षभर पाणी, खत, फवारणी करून, डिंक्या रोगापासून झाड वाचवून आणलेले फळ शेवटच्या प्रवासात नासते, हे मी लहानपणापासून पाहतो आहे.

त्यावर उपाय म्हणून हौद्यात एकेक फुटाचे तीन मजले बसतील असा लोखंडी सांगाडा आम्ही बनवतो आहोत. तळाला जाळी, म्हणजे हवा खालून वर खेळती राहते. सांगाडा नटबोल्टवर बसतो. हंगाम संपला की उतरवून ठेवायचा आणि गाडी सोयाबीनच्या पोत्यांसाठी मोकळी करायची. मजल्याची उंची आम्ही कॅटलॉगमधून उचललेली नाही. बागेत तणसावर फळ ओतून, किती थर झाला की खालचे दबायला लागते ते पाहून ठरवली आहे. तयार बॉडी बांधणाऱ्यांकडे ठरलेले साचे असतात आणि त्यांच्या धंद्याला तेच परवडते. एका बागेच्या मालाप्रमाणे माप बदलत बसायला त्यांना वेळ नसतो. आमच्याकडे तो आहे, म्हणून काम घरी आहे.

दुसरे काम हौद्याच्या तळाचे. खताच्या पोत्यांनी आणि फुटलेल्या संत्र्यांच्या रसाने तळाचा पत्रा जागोजागी गंजून चाळणी झाला होता. तो कापून त्याच मापाचा, त्याच जाडीचा चेकर्ड पत्रा आम्ही बसवतो आहोत. जुना पत्रा उचलल्यावर खाली जे दिसले ते तुम्हालाही दिसायला हवे होते. हा हौदा काही वर्षांपूर्वी एका नावाजलेल्या कारखान्यातून दुरुस्त करून आणला होता, पक्क्या बिलासकट. आडव्या चॅनलना दोन टोकांना वेल्डिंगचे नुसते टाके मारलेले, मधला सगळा भाग पुट्टी भरून गुळगुळीत केलेला आणि वर झकास रंग. त्या रंगाखाली जोडच नव्हता. त्या कारखान्याला पाटी होती, शेड होती, मोठी मशीन होती, आणि तेव्हा आपल्यापैकी कोणाला त्या गाडीची भीती वाटली नाही.

आता मुख्य भीतीकडे येतो. ‘ट्रकला घरी वेल्डिंग’ म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर चेसिसला केलेले वेल्डिंग येत असावे. चेसिसपुरती ही भीती अगदी खरी आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ट्रकची चेसिस म्हणजे दोन लांब चॅनल आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे, शिडीसारखी. त्या चॅनलचा वरचा आणि खालचा पाय, ज्याला आम्ही फ्लँज म्हणतो, तो सगळ्यात जास्त ताण सहन करतो. माल भरला की वरचा पाय दाबला जातो, खालचा ताणला जातो, आणि खड्ड्यागणिक हे कमीजास्त होत राहते. अशा ठिकाणी वेल्डिंगचा एक छोटा डाग पडला किंवा ड्रिलचे एक भोक पडले, तर हजारो हादऱ्यांनंतर तडा तिथूनच सुरू होतो. शिवाय हे पोलाद साध्या लोखंडापेक्षा जास्त ताकदीचे असते. वेल्डिंगच्या उष्णतेने कडेच्या पट्ट्यातला त्याचा गुण बदलतो. म्हणूनच गाडी बनवणाऱ्या कंपन्या बॉडी बांधणाऱ्यांना ज्या सूचना देतात, त्यांत फ्लँजला वेल्डिंग करू नका, भोक पाडू नका, हे आवर्जून लिहिलेले असते.

आमच्या गाडीच्या चेसिसला वेल्डिंगचा रॉड लागलेला नाही. हौद्याची खालची चौकट चेसिसवर यू-बोल्टने आवळलेली आहे आणि दोन्हींच्या मध्ये रबराची पट्टी आहे, म्हणजे लोखंडावर लोखंड घासत नाही. यू-बोल्ट आवळताना चॅनलचा पाय आत दबू नये म्हणून आत आधाराचे तुकडे दिले आहेत. चौकटीची पुढची टोके उतरती कापली आहेत, कारण टोक सरळ कापले तर केबिनच्या मागे चेसिसवर एकाच रेषेत ताण साचतो. मजल्यांचा सांगाडा चौकटीला बोल्टने धरलेला आहे. जे वेल्डिंग झाले ते हौद्याच्या तळाला आणि सांगाड्याला, आणि त्या वेळी बॅटरीच्या दोन्ही तारा आणि इंजिनच्या कंट्रोल युनिटची पिन काढून ठेवली होती. अर्थिंगचा क्लॅम्प दरवेळी जोडाच्या शेजारीच लावतो. तो दूर लावला तर करंट वाट शोधत चाकाच्या बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर खड्डे पाडतो. डिझेलच्या टाकीच्या तर आसपासही काम नाही. टाकी रिकामी असली तरी आत वाफ असते आणि तीच स्फोट करते, हे आयटीआयमध्ये पहिल्या महिन्यात शिकवतात.

मी शासकीय आयटीआयचा वेल्डर आहे. एक वर्षाचा ट्रेड, त्यानंतर हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनची नोकरी. प्रमाणपत्र भिंतीवर आहे, पण त्याच्या भरवशावर मी कोणाला गप्प बसवणार नाही. माझ्या कामाची परीक्षा वेगळी आहे, ती सांगतो.

गाडीवर रॉड लावण्याआधी त्याच पत्र्याचे आणि त्याच पाइपचे तुकडे जोडून मी ते शिकंजात धरून घणाने फोडून पाहतो. जोड उघडला की आत सगळे दिसते. मुळापर्यंत धातू गेला की वरच्यावर बसला, आत स्लॅग, म्हणजे रॉडचा जळका मळ, अडकला का, बुडबुड्यांची छिद्रे आहेत का. करंट कमी असेल तर जोड वर फुगतो आणि आत पकडत नाही. जास्त असेल तर कडेला खाच पडते, तिला अंडरकट म्हणतात, आणि हादऱ्यात तडा जायला ती आवडती जागा. आमच्या पत्र्याला ३.१५ मिमीच्या ६०१३ रॉडने साधारण ११० अँपिअरला जोड नीट बसतो, हे तुकडे फोडूनच ठरले. ते फुटके तुकडे मी पेटीत ठेवले आहेत, प्रत्येकावर खडूने करंट लिहिलेला. सांगाड्याच्या भार घेणाऱ्या कोपऱ्यांवर तडा शोधायचा लाल डाय लावून, पुसून, वर डेव्हलपरची पांढरी पूड मारून पाहिले आहे. केसाएवढा तडा असला तरी पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. जिथे उमटली तिथे ग्राइंडरने जोड पूर्ण काढून पुन्हा भरला.

आणि ताकदीचा हिशेबही ऐका. ६०१३ मधल्या ६० चा अर्थ असा की, त्या रॉडचा जमलेला धातू चौरस इंचाला ६०,००० पौंड ताणाला तरी टिकला पाहिजे, म्हणजे साधारण ४१४ न्यूटन प्रति चौरस मिमी. आपल्याकडे बाजारात मिळणाऱ्या २५० ग्रेडच्या साध्या पोलादाची किमान मर्यादा ४१० आहे. म्हणजे नीट भरलेला जोड पत्र्यापेक्षा कमजोर नसतो. ५ मिमीच्या कोपऱ्यातल्या जोडाची फक्त १ सेंमी लांबी सुरक्षित मर्यादेत राहून साडेतीनशे किलोहून जास्त भार घेते. मी हादऱ्यांसाठी त्याच्या निम्म्याहून कमी धरतो. आमच्या सांगाड्याच्या प्रत्येक खांबाला चारही बाजूंनी जोड आहे. सांगाड्याचे वजनही मोजलेले आहे. ४० मिमीचा, २.६ मिमी जाडीचा चौकोनी पाइप मीटरमागे साधारण ३ किलो भरतो, आणि पूर्ण सांगाड्याचे जे वजन होते तेवढे संत्रे आम्ही कमी भरणार आहोत. गाडीची वजनाची मर्यादा लोखंडाला आणि फळाला मिळून एकच आहे.

आता एक गोष्ट नजर वर करून पाहा. आपल्या लेआउटमध्ये जवळजवळ प्रत्येक गच्चीवर पाण्याची टाकी आहे. १,००० लिटरची टाकी भरली की १ टन वजन, तेही मुलांच्या खोलीच्या वर, अँगलच्या स्टँडवर. तो स्टँड कोपऱ्यावरच्या वेल्डरने फुटपाथवर बसून जोडला. खिडकीबाहेर लोंबणारा कुलरचा स्टँड, बाल्कनीची ग्रिल, जिन्याचा कठडा, फाटक, सगळे तसेच. उन्हाळा तोंडावर आला की या शहरातल्या गल्लीबोळांत कुलरच्या बॉड्या ठोकल्या आणि जोडल्या जातात आणि पारा ४५ च्या वर गेला की त्याच आपल्याला जगवतात. त्यांतला एकही जोड कोणी डाय लावून तपासलेला नाही. मी त्या वेल्डरांना नावे ठेवत नाही, त्यांच्यापैकी कित्येकांचा हात माझ्यापेक्षा सरस आहे. उन्हात, हातगाडीवर मशीन ठेवून ते जे काम करतात त्यावर हे शहर उभे आहे. सांगायचे इतकेच की शेड नसलेल्या जागी झालेल्या कामावर आपण सगळे रोज विसंबून आहोत.

आमच्या आजोबांच्या गावात बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवायची असली की गोवऱ्यांचा जाळ दारासमोर पेटायचा. लोहार आणि सुतार दोघे मिळून तापलेली धाव चाकावर बसवायचे, पाणी ओतायचे, आणि ती आवळून बसायची. चाक चांगले की वाईट, हे पुढच्या पावसाळ्यात चिखलात कळायचे आणि वाईट निघाले तर लोहाराला त्याच गावात तोंड दाखवायचे असायचे. मीही इथेच राहणार आहे. ही गाडी माझा भाऊ चालवणार आहे आणि शेजारच्या सीटवर माझा पुतण्या बसणार आहे.

कायद्याबद्दल निवेदनात एक ओळ आहे, ‘बेकायदा मॉडिफिकेशन’. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. मोडणाऱ्याला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हा नियम मला योग्य वाटतो. लांबी वाढवलेले हौदे आणि वर चढवलेले फाळके, म्हणजे हौद्याच्या कडेच्या भिंती, घेऊन ओव्हरलोड धावणाऱ्या गाड्या मीही रोज रिंग रोडवर पाहतो. आमच्या गाडीची लांबी, रुंदी, उंची, फाळक्याची उंची, चाकांमधले अंतर, इंजिन, बैठक, यांतले काहीही बदललेले नाही. गंजलेला तळ बदलणे ही दुरुस्ती आहे. सांगाडा सुटा आहे आणि मालासारखाच उतरवता येतो. मागचे रिफ्लेक्टर आणि मागून येणारी छोटी गाडी खाली घुसू नये म्हणून असलेला आडवा दांडा आम्ही उलट सरळ करून घट्ट केला. गाडी ८ वर्षांपेक्षा जुनी असल्याने तिला दरवर्षी फिटनेस तपासणीला जावे लागते. तिथे ती उघडी, रिकामी, हौद्याखाली वाकून बघता येईल अशी नेणार आहे.

आगीची काळजी काहींनी तोंडी बोलून दाखवली, ती निवेदनात नव्हती, तरी उत्तर देतो. ठिणगी ३५ फुटांपर्यंत जाऊ शकते असे धरून तेवढ्या टापूत कागद, पेंढा, रंगाचे डबे काही ठेवत नाही. तणीस तर हंगामापर्यंत गावीच असते. वाळूच्या बादल्या आणि फायर एक्स्टिंग्विशर हाताशी असतात, आणि काम थांबल्यावर तासभर कोणीतरी तिथेच बसते, कारण आग लागायची असली तर बहुधा नंतरच धुमसत लागते. रस्त्याच्या बाजूने पत्रे उभे केले आहेत ते आडोशासाठी नाहीत, तुमच्या मुलांच्या डोळ्यांत आर्क, म्हणजे वेल्डिंगचा झगझगीत उजेड, जाऊ नये म्हणून आहेत. ती पत्र्यांच्या फटीतून डोकावतात, त्यांना कृपया घरीही सांगा. वेल्डिंगच्या उजेडाकडे नुसत्या डोळ्यांनी पाहू नका, काळा गॉगल घालूनही नाही. ज्यांना बघायचे असेल त्यांच्यासाठी माझ्याकडे जास्तीची वेल्डिंगची काच आहे. मागून उभे राहून बघू देतो आणि काय चालले आहे ते सांगतोही. पुढच्या गल्लीतली दहावीची एक मुलगी तर आता पाइपला गुण्या लावून कोन बरोबर आहे का ते स्वतः पाहते. एखाद्या शिबिरात शिकाव्यात एवढ्या गोष्टी ती इथे फुकट शिकली आहे.

विजेबद्दल. मशीन इन्व्हर्टरची आहे. ११० अँपिअरला ती साधारण सव्वातीन किलोवॉट ओढते, म्हणजे गिझरपेक्षा थोडी जास्त, आणि तीही रॉड जळतो तेवढ्याच वेळापुरती. जुन्या तांब्याच्या गुंडाळीच्या मशीनने लाइट डुलायची, ती इथे नाही. आणि मी बाहेरचे कोणाचेही भाड्याचे काम आवारात घेतलेले नाही, घेणारही नाही. हा कारखाना नाही, एका घराची एक गाडी आहे.

आता आवाज. इथे मी वाद घालणार नाही. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि ग्राइंडरची चकती लोखंडाला लागली की आवाज त्याच्या खूप वर जातो. वेल्डिंगचा आवाज फारसा नसतो, त्रास आहे तो कापण्याचा आणि घासण्याचा. म्हणून कापण्याचे उरलेले सगळे काम मी हिंगण्याला ओळखीच्या शेडमध्ये करून आणणार आहे आणि इथे फक्त जोडणी होईल. घासणे अटळ आहे तिथे त्याची वेळ तुम्ही ठरवा. समोरच्या काकांची तब्येत, कोपऱ्यावरच्या घरातले तान्हे बाळ, ज्यांची बारावी आहे त्यांचा अभ्यास, हे सगळे धरून समितीने तासाभराची एक वेळ लिहून द्यावी. ती मी फाटकावर लावतो आणि पाळतो. सांगाड्याचे शेवटचे काम आंबिया तोडायच्या आत व्हायला हवे, एवढीच माझी अडचण.

सही करताना एका काकूंनी माझ्या बायकोला विचारले, “एवढी रिस्क काहून घेता? दुकानात देऊन टाका ना.” प्रेमाने विचारले होते, म्हणून मनापासून सांगतो. मला या कामात आनंद आहे. सपाट पत्र्यातून, रेघ मारून, कापून, जोडून वस्तू उभी राहते आणि ती दादाच्या बागेतले फळ जपते, याहून दुसरे समाधान मला माहीत नाही. हातात कसब असलेला माणूस आपल्या घरच्यासाठी वस्तू बनवतो, ती मापून, फोडून, तपासून बनवतो, आणि त्याच्या कामाला न पाहताच ‘जुगाड’ म्हटले जाते, तेव्हा अपमान माझ्या एकट्याचा होत नाही. आयटीआयच्या वर्गात डोळे लाल करून बसणाऱ्या प्रत्येक पोराचा होतो.

समितीकडे माझी मागणी दोन ओळींची आहे. एक, गाडी प्रत्यक्ष पाहा. तुमच्या ओळखीतला कोणीही मेकॅनिकल इंजिनिअर, फिटर किंवा जुना वेल्डर सोबत आणा. पेटीतले फुटके तुकडे, डाय, मोजमापाची वही आणि गाडीची कागदपत्रे मी काढून ठेवतो. त्याला जो जोड खटकेल तो मी त्याच्यासमोर कापून पुन्हा करीन. दोन, पाहिल्यावर धोकादायक काही सापडले नाही, तर निवेदनातला ‘जिवाला धोका’ आणि ‘बेकायदा’ हा भाग झोन कार्यालयाला लेखी कळवून मागे घ्या. आवाजाचा मुद्दा राहू द्या, तो तुमचा हक्क आहे. येत्या रविवारी सकाळी ८ पासून ताडपत्री काढलेली असेल.

आपला शेजारी